टॅक्टिकल गियरचं बिल दोनदा भरावं लागतं

गेल्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला, "मामा लिंक पाठवलीय, बघ आणि सांग घेऊ का." लिंक उघडली तर काळ्या रंगाची, अंगभर पट्ट्या शिवलेली एक बंडी, किंमत साडेचार हजार, नाव 'टॅक्टिकल प्लेट कॅरिअर', म्हणजे गोळी अडवणारी प्लेट आत घालायची बंडी. भाचा पुण्यात इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोथरूडला राहतो, आणि कुणी गोळी झाडावी असं त्याने अजून तरी काही केलेलं नाही. विचारलं कशाला रे हे, तर म्हणाला ट्रेकला. आत प्लेट कुठली घालणार? तर प्लेट नाहीच घालणार, नुसतं कॅरिअर, त्याला बाटली, पॉवर बँक, टॉर्च असं सगळं अडकवता येतं म्हणे.

मी हसलो, पण खरं सांगायचं तर हसायचा मला फारसा अधिकार नाही. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात एक 'मिलिटरी ग्रेड' टॉर्च आहे जी दोन पावसाळेसुद्धा टिकली नाही, एक मल्टिटूल आहे ज्याच्या अठरा हत्यारांपैकी मी पक्कड आणि ओपनर सोडून काही उघडलेलं नाही, आणि एक पॅराकॉर्डचं ब्रेसलेट आहे, त्याची फजिती पुढे सांगतोच.

हल्ली रील्स उघडल्या की टेबलावर ओळीने मांडलेले चाकू, टॉर्च, हातमोजे, पाउच, मागे ढॅण ढॅण म्युझिक, याला म्हणतात 'लोडआउट'. रोज खिशात बाळगायच्या सामानाला म्हणतात 'ईडीसी', म्हंजे एव्हरीडे कॅरी. बघणाऱ्याला वाटतं आपल्याकडे हे नाही म्हणजे आपण उघडे पडलोय. तर हे सगळं नक्की काय आहे, त्यातलं काय कामाचं आणि काय नुसता डौल, हे जरा नीट उलगडून बघू.

टॅक्टिकल म्हणजे काय रे भाऊ?

टॅक्टिक म्हणजे डावपेच. पोलीस किंवा सैनिक प्रत्यक्ष कारवाईत असताना अंगावर जे सामान बाळगतात ते टॅक्टिकल गियर, एवढीच व्याख्या. लोकांना वाटतं त्याचा मुद्दा मजबुती आहे, काळा रंग आहे. मजबूत तर हमालाच्या डोक्यावरची टोपलीपण असते. खरा मुद्दा हा की गडबडीत, अंधारात, हात थरथरत असताना हवी ती वस्तू न बघता हाताला लागली पाहिजे.

जुना एसटीचा कंडक्टर आठवा. खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे, बोटात पंच. गाडी वरंध घाटात वळणं घेतेय, निम्मी माणसं उभी, कुणाचं तरी पोरगं ओकतंय, आणि हा बाबा सीटला पाठ टेकवून पायाने तोल सावरत तिकीट फाडतो, पंच मारतो, सुट्टे परत देतो आणि बॅगेत एकदाही डोकावत नाही. दहाच्या नोटा कुठल्या कप्प्यात, चिल्लर कुठे, सगळं बोटांना पाठ. ही बॅग म्हणजे आपल्याकडचं अस्सल टॅक्टिकल गियर. आता तीच बॅग माझ्या खांद्याला अडकवा, पहिल्या स्टॉपच्या आत मी चिल्लर गाडीभर सांडून ठेवीन. बॅग तीच आहे, फक्त त्या बॅगेमागची वीस वर्षं माझ्याकडे नाहीत.

भाच्याने दाखवलेल्या बंडीवर ज्या पट्ट्या होत्या त्यामागेही हाच विचार आहे. अमेरिकेच्या लष्कराने १९९० च्या दशकाच्या शेवटी 'मॉली' नावाची पद्धत आणली. बॅगेवर, बंडीवर एक इंच रुंदीच्या नायलॉनच्या आडव्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये एक इंच जागा, आणि ठराविक अंतरावर टाके, की त्यात कुठलंही पाउच विणून घट्ट बसवता येतं. प्रथमोपचार करणाऱ्या सैनिकाला बँडेज पुढे हवं, वायरलेसवाल्याला रेडिओ खांद्यापाशी, डावखुऱ्याला सगळं उलट, तर ज्याने त्याने आपापल्या कामाप्रमाणे मांडून घ्यायचं. स्वयंपाकघरात प्रत्येक बाई ओट्यावरच्या मांडणीत डबे आपल्या हाताच्या सवयीने लावते ना, दुसऱ्या कुणी हलवले की चिडते, तसंच हे. म्हणजे पट्ट्यांचा उपयोग कुणाला, तर ज्याला आपल्याला काय लागतं आणि कुठल्या हाताला लागतं हे आधीच माहीत झालंय त्याला. बाकीच्यांच्या बॅगेवरच्या पट्ट्या जन्मभर रिकाम्या राहतात, फार तर एक कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, लटकतो आणि चालताना टिण टिण वाजतो.

आणि हो, 'टॅक्टिकल' हा शब्द छापायला कुणाची परवानगी लागत नाही. पेनावर छापतात, छत्रीवर छापतात, पाकिटावर छापतात. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. त्यातल्या त्यात आकडे वाचायला शिका, म्हंजे निम्मी फसवणूक टळते. कापडावर '१००० डेनियर' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ त्यातला धागा ९००० मीटर घेतला तर त्याचं वजन १००० ग्रॅम भरेल, म्हणजे आकडा मोठा तेवढा धागा जाड, आणि अर्थातच बॅग जड. टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब म्हणून हे नाव. या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० ते ४००० एमएएचच्या आसपास थांबते. ज्यावर ९९०० छापलंय तो सेल खोटं बोलतोय, आणि जो सेल एवढं खोटं बोलतो त्याच्या टॉर्चवर छापलेल्या लुमेन्सवर, म्हणजे उजेडाच्या आकड्यावर, काय विश्वास ठेवायचा तुम्हीच ठरवा.

एका पँटची गोष्ट

हे सामान बराकीतून बाजारात कसं आलं त्याची एक गोष्ट मला फार आवडते. टॅक्टिकल पँटमधला सगळ्यात प्रसिद्ध ब्रँड म्हणजे ५.११, वाचताना 'फाइव्ह इलेव्हन'. खूप जणांना वाटतं हा बंदुकीचा नाहीतर पोलिसांचा काहीतरी कोड असणार. प्रत्यक्षात हा कडा चढायला किती अवघड आहे त्याचा आकडा आहे. अमेरिकेत योसेमिटीच्या पद्धतीत दोर लावून चढायच्या कड्यांना ५ पासून सुरू होणारी प्रत देतात, आणि एके काळी ५.११ म्हणजे भल्याभल्यांना न जमणारी चढाई. रॉयल रॉबिन्स हा तिथला मोठा नावाजलेला गिर्यारोहक, त्याच्या कंपनीने गिर्यारोहकांसाठी ही भरपूर खिशांची दणकट पँट काढली. पुढे ती क्वांटिकोच्या एफबीआय अकादमीत ट्रेनिंगला वापरायला लागले, तिथून पोलिसांत पसरली, आणि २००३ मध्ये त्याचा वेगळा टॅक्टिकल ब्रँडच झाला.

म्हणजे बघा, नाव एका कौशल्याच्या प्रतीचं, ज्यासाठी बोटांची कातडी सोलवटून वर्षं घालवावी लागतात, आणि आज ते नाव पैसे देऊन कमरेला चढवता येतं. कंपनीची यात काही चूक नाही, पँट खरोखर चांगली असते म्हणतात. पण २००१ नंतर अफगाणिस्तान, इराकची युद्धं झाली, सैनिकांच्या अंगावरचं सामान रोज टीव्हीवर दिसायला लागलं, मग व्हिडिओ गेम आले, मग रील्स आल्या, आणि या सगळ्यात वस्तू दिसत राहिली, वस्तूमागचा सराव कॅमेऱ्यात कधी आलाच नाही. सराव दिसायला कंटाळवाणा असतो हो. एकच गोष्ट दोनशे वेळा करणाऱ्या माणसाचं रील कोण बघणार?

दुसरी किंमत

माझं म्हणणं एवढंच आहे की असल्या प्रत्येक वस्तूच्या दोन किमती असतात. एक रुपयात, ती लगेच दिसते आणि ईएमआयवर देता येते. दुसरी तासांत, ती लेबलवर छापत नाहीत आणि ती दुसऱ्या कुणाला भरता येत नाही, बायकोला नाही, वडलांना नाही.

साध्या हेडटॉर्चची दुसरी किंमत पंधरा मिनिटं. बटण कुठलं, लाल दिवा कसा लागतो, सेल अंधारात बदलता येतो का, बॅगेत चुकून चालू होऊ नये म्हणून लॉक कसं करायचं. पंधरा मिनिटं, तीही लोक देत नाहीत, मग रात्री राजमाचीच्या वाटेवर अख्ख्या ग्रुपच्या डोळ्यात फोकस मारत 'अरे हे कमी कसं होतं' करत बसतात.

आता टूर्निके घ्या. हा शब्द हल्ली सगळ्या 'टॅक्टिकल फर्स्ट एड किट'मध्ये असतो. हाता-पायाची मोठी रक्तवाहिनी फाटून रक्त उसळत असेल तर तो अवयव वरच्या बाजूला पट्ट्याने आवळून रक्त थांबवायचं साधन. त्यात एक दांडी असते, ती पिरगाळायची की पट्टा आवळत जातो. पट्टा जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर बांधायचा नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा, दांडी अडकवून टाकायची आणि वेळ लिहून ठेवायची. वाचायला दहा सेकंद लागले. पण करायला गेलं की कळतं की आधीचा ढिलेपणा नीट ओढून काढला नसेल तर दांडी कितीही फिरवा, काही होत नाही. कळतं की नीट आवळलेला टूर्निके प्रचंड दुखतो, जखमी माणूस ओरडायला लागतो आणि नवखा माणूस घाबरून तो सैल करतो. आणि अर्धवट आवळलेला टूर्निके तर अजिबात नसण्यापेक्षाही वाईट पडू शकतो, कारण वरवरच्या शिरा दाबल्या जातात, खोलवरची धमनी चालू राहते, म्हणजे रक्त येत राहतं आणि परत जायची वाट बंद. हे सगळं मोठ्या रक्तस्रावात, जिथे हातात मोजकी मिनिटं असतात. ऑनलाइन शेदोनशे रुपयात मिळणाऱ्या हुबेहूब नकला आणखी वेगळ्या, मी एक मागवला होता, तिसऱ्यांदा पिरगाळताना दांडी वाकली. माझ्या स्वतःच्या मांडीवर, सोफ्यावर बसून, म्हणून बरं.

यापेक्षा भयंकर म्हणजे तोच टूर्निके साप चावल्यावर बांधणं. आपल्याकडे आधीच करकचून दोरी बांधायची खोड आहे, त्यात हातात 'मिलिटरी' पट्टा आला की संपलंच. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर मुळात त्या जागेचं मांस खराब होत असतं, त्यात रक्तपुरवठा तोडला की पाय वाचायचा तो जायचा. सर्पदंशाला टूर्निके नाही, ब्लेडने चिरा नाही, किटमधला तो विष ओढायचा पिवळा पंपपण नाही. हात-पाय न हलवता आधार देऊन बांधायचा आणि जिथे प्रतिविष मिळतं अशा सरकारी दवाखान्यात तडक न्यायचं. म्हणजे हे असं सामान आहे जे माहितीशिवाय बाळगलं तर निरुपयोगी सोडा, उलटतं.

आता माझ्या ब्रेसलेटची फजिती. पॅराकॉर्ड म्हणजे मुळात पॅराशूटची दोरी, वर विणलेलं कवच आणि आत बारीक दोऱ्या, जाडी साधारण ४ मिलिमीटर. तिला '५५०' म्हणतात कारण ती ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो भार पेलते. मनगटाच्या ब्रेसलेटमध्ये अडीच-तीन मीटर दोरी विणलेली असते, 'संकटात सोडवून वापरा' वगैरे. पावसात एकदा ताडपत्रीचा कोपरा बांधायला म्हणून मी ते सोडवायला घेतलं. वीस मिनिटं लागली. तोपर्यंत बरोबरच्या गावकऱ्याने पोत्याच्या सुतळीने चारही कोपरे बांधून चुलीवर चहा टाकला होता. आणि ते ब्रेसलेट मला परत विणता आलं नाही, तेव्हापासून ते खणात गुंता होऊन पडलंय.

पण ती २५० किलोची गोष्ट त्याहून महत्त्वाची. खूप पोरांना वाटतं मी सत्तर किलोचा, दोरी अडीचशेची, म्हणजे लटकायला हरकत नाही. हा हिशोब साफ चुकीचा आहे. तो आकडा नव्या, सरळ, गाठ नसलेल्या दोरीवर हळूहळू टांगलेल्या वजनाचा. माणूस पडतो तेव्हा झटका बसतो, आणि त्या झटक्याचा भार वजनाच्या कितीतरी पट होतो. गिर्यारोहणाचा दोर मुद्दाम ताणला जाईल असा बनवतात, झटका त्या ताणात विरतो, आणि तरीही चाचणीत शरीराकडे येणाऱ्या झटक्याची मर्यादा १२ किलोन्यूटन धरलेली असते, म्हणजे ढोबळमानाने बाराशे किलोच्या वजनाएवढा ओढा. पॅराकॉर्डने ताडपत्री बांधा, बुटाची नाडी करा, माणूस टांगू नका. आणि खरा दोर घेतलात तर त्याची दुसरी किंमत तासांत नाही, महिन्यांत आहे, तीही शिकवणाऱ्या माणसाबरोबर.

'गॅस' होतो म्हणजे काय

हे वेड फक्त टॅक्टिकलवाल्यांचं आहे असं समजू नका. कॅमेरावाले, सायकलवाले, गिटारवाले, सगळ्यांना होतं. गिटारवाल्यांत त्याला नावच आहे, 'गॅस'. वॉल्टर बेकर नावाच्या अमेरिकन गिटारवादकाने १९९० च्या दशकात गंमत म्हणून हे नाव दिलं, गिटार घेत सुटण्याच्या आजाराच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. आपल्याकडे गॅसचा अर्थ वेगळा आहे पण लक्षणं तीच, पोटात सारखं काहीतरी गुडगुडतं आणि बाहेर पडल्याशिवाय चैन पडत नाही.

होतं असं की नवीन गोष्ट शिकताना पहिले दिवस फार लाजिरवाणे असतात. काही जमत नाही, सगळे बघतायत असं वाटतं. त्या वेळी खरेदी हा एकच भाग असा असतो की ज्यात आपण लगेच पास होतो. रिव्ह्यू वाचले, तुलना केली, पार्सल आलं, उघडलं, मेंदूला वाटलं चला प्रगती झाली. खरंच अभ्यासही झालेला असतो, फक्त वस्तूचा झालेला असतो, कामाचा नाही. भाचा मला चार प्रकारच्या बकलांमधला फरक सांगतो आणि त्याला नकाशावर उत्तर दिशा लावता येत नाही. त्याला नावं ठेवत नाही मी, मलाही त्याच्या वयात बुटांच्या सोलचे प्रकार पाठ होते.

अंगावर चढवलं की त्याचं वजन होतं

आता त्या प्लेट कॅरिअरकडे या. त्यात जी प्लेट जाते ती सिरॅमिकची नाहीतर पोलादाची, रायफलची गोळी अडवायला. एकेक प्लेट साधारण अडीच-तीन किलो, पुढे एक मागे एक. आणि ती झाकते फक्त छातीचा मधला भाग, हृदय-फुप्फुसं. प्लेट नसेल तर कॅरिअर म्हणजे जाड कापडाची घाम आणणारी बंडी, बाकी काही नाही. आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच कॅरिअरमध्ये फोमचे तुकडे असतात, खेळण्यातले. बुलेटप्रूफ जॅकेटसाठी भारतीय मानक ब्युरोचं २०१८ चं आयएस १७०५१ हे मानक आहे, ते कुठे दिसत नसेल तर ती वस्तू नाटकाचा ड्रेस समजा.

ज्यांना खरोखर हे घालावं लागतं त्यांचं काय होतं बघा. अमेरिकेच्या सरकारी ऑडिट संस्थेच्या २०१७ च्या अहवालात मरीन सैनिकाच्या अंगावरचा भार सरासरी ११७ पौंड निघाला, म्हणजे ५३ किलो. एक बारीक माणूसच पाठीवर घेऊन चालणं. प्रत्येक वस्तू सुटी बघितली तर गरजेचीच असते, आणि सगळ्या मिळून माणसाला इतकं मंद करतात की ज्या धोक्यापासून वाचायचं त्याच्यापासून बाजूला उडी मारता येत नाही. गुडघे आणि कंबर जातात ते वेगळंच.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हाचं आठवा. वर जायला गाडीरस्ता नाही, जेसीबी चढू शकत नाही, पावसाने हेलिकॉप्टर उडत नाही. राज्याकडे यंत्रं होती, पण ती डोंगराच्या पायथ्याला उभी. वर गेली ती चिखलातून चालू शकणारी माणसं, एनडीआरएफचे जवान, आजूबाजूचे गावकरी, खोपोली-लोणावळ्याकडची रेस्क्यू करणारी ट्रेकर मंडळी, आणि त्यांच्या हातात कुदळी-फावडी. त्या चढावर एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. इतका अवघड तो चढ होता. पावसाळ्यात रोज डोंगर चढण्याची सवय कुठल्या साइटवर कार्टमध्ये टाकता येत नाही.

"मग काय हात हलवत जायचं?"

हा प्रश्न येणारच आणि बरोबर आहे. कारण या वादाचं दुसरं टोकही तितकंच खोटं आहे, 'आमच्या वेळी काही नव्हतं, चपला घालून आम्ही हरिश्चंद्रगड केला' वालं. चपला घालून केला कारण पाय घसरला नाही. ज्यांचा घसरला ते हे सांगायला आलेले नाहीत.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरली आणि सोडली नाही, त्यांच्या हातात बंदूक नव्हती. आपण या धैर्याचा अभिमान बाळगतो, बाळगायलाच हवा, पण त्याच रात्री सीएसटीवर काही पोलिसांकडे जुन्या थ्री नॉट थ्री रायफली होत्या आणि समोर एके-४७, हेही लक्षात ठेवायला हवं. माणसाला धैर्याने जी किंमत मोजावी लागली त्यातला काही भाग सामानाने वाचला असता. त्यानंतर महाराष्ट्राने फोर्स वन ही कमांडो तुकडी उभी केली तेव्हा नवी शस्त्रं आली आणि रोजचं ट्रेनिंगही आलं, दोन्ही बरोबर. कुठलीही शहाणी फौज या दोन्हींत भांडण लावत नाही. ते भांडण फक्त आपण लावतो, घरी बसून.

पॅरिस ऑलिम्पिक २०२४ चं ते तुर्कस्तानच्या नेमबाजाचं मीम सगळ्यांनी फॉरवर्ड केलं असेल. युसुफ दिकेच, ५१ वर्षांचा, साधा टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात, आणि रौप्यपदक. खाली कॅप्शन, 'बघा, सामान लागत नाही'. अहो पण तो २००८ पासून ऑलिम्पिक खेळतोय. हात खिशात ठेवणं ही स्टाइल नाही, पिस्तूल नेमबाज तोल स्थिर राहावा म्हणून कायम तसं करतात. आणि त्याच्या हातातलं पिस्तूल काही जत्रेतलं फुगे फोडायचं नव्हतं, स्पर्धेचं होतं. त्याच प्रकारात आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांना ब्राँझ मिळालं, त्यांचे चष्मे आठवून बघा. आणि दोनच दिवसांनी कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ब्राँझ जिंकला तो ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये, तिथे तर अंगात कॅनव्हास आणि चामड्याचं कडक जाकीट-पँट सगळेच घालतात, शरीर स्थिर राहावं म्हणून, आणि ते किती कडक, किती जाड असावं हे नियमाप्रमाणे तपासून घेतात. कारण ते जाकीट खरोखर मार्क वाढवतं. म्हणजे काय लागतं ते काम ठरवतं. पिस्तुलाला जाकीट लागत नाही, रायफलीला लागतं, आणि दोघांनाही वर्षानुवर्षं रोज उभं राहून नेम धरावा लागतो.

तर मी भाच्याला म्हटलं, पहिले पैसे कशाला घालायचे तर जिथे चूक झाली की दुसरी संधी नसते तिथे. बूट चांगले घे, कारण शेवाळावर सराव उपयोगी पडत नाही. कड्यावर जाणार असशील तर हेल्मेट घे, कारण वरून येणाऱ्या दगडाला तुझं कौशल्य दिसत नाही. दोर, हार्नेस स्वस्तातला कधी घेऊ नको. बाकी सगळं आधी उसनं आण, दोन-चार ट्रेक वापर, जे नसताना खरंच अडलं ते घे.

"छंद आहे, तुमचं काय जातं?"

काही जात नाही. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, कुणी जुने अडकित्ते जमवतं, कुणी चाकू आणि पाउच जमवलं तर बिघडलं काय. चांगल्या शिवणीकडे, चांगल्या पोलादाकडे बघत बसण्यात आनंद आहे, मलाही येतो. फक्त संग्रह आहे तर त्याला संग्रह म्हणा. ते किट घेऊन पन्नास पोरांचा पावसाळी ट्रेक 'लीड' करायला निघालात की मग माझं जातं, आणि त्या पन्नास घरांचंही.

शिवाय काही वस्तूंचा छंद कायद्यालाच मान्य नाही, आणि हे खूप जणांना माहीत नसतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एक परदेशी प्रवासी अडकली, कारण सामानात उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण होतं, जे तिच्या देशात कुठलाही ट्रेकर सहज बाळगतो. असली उपकरणं आपल्याकडे परवानगीशिवाय चालत नाहीत, मग ती कितीही जीव वाचवणारी असोत. वॉकीटॉकीचंही तसंच, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या कमी ताकदीच्या सेटला लायसन लागत नाही, बाकीच्या बहुतेकांना लागतं, आणि मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावरून मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांना नोटिसा पाठवल्या. चाकूचं पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल आणि तो घरकामाचा, शेतीचा वगैरे नसेल तर तो शस्त्रांच्या नियमात जाऊ शकतो. सैनिकासारखा वेश करून आपण सैनिक आहोत असं भासवणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये दाखवलेला नवा कॅमोफ्लाज पॅटर्न तर त्यांनी स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलाय. ट्रेकला लाल-केशरी घाला की, हरवलात तर शोधणाऱ्याला दिसाल तरी. डोंगरात लपायचंय कुणापासून?

हे सगळं मी भाच्याला फोनवर ऐकवलं, अर्धं त्याने ऐकलं असेल. तरी रविवारी त्याच्या रूमवर गेलो, माझ्याकडचा सरावाचा टूर्निके घेऊन. सरावाचा वेगळा ठेवायचा असतो, पिरगाळून पिरगाळून ताण आलेला खऱ्या वेळेला वापरायचा नाही. म्हटलं उजवा हात मोडलाय समज, डाव्या हाताने बॅगेतून काढ आणि उजव्या दंडाला बांध, मी वेळ लावतो. रूममेटने ट्यूबलाइट घालवली. बॅगेच्या चेनी ओढल्याचे आवाज आले, मग शिव्या, मग पट्टा दातात धरल्याचा आवाज. दोन मिनिटं दहा सेकंद, आणि लाइट लावल्यावर बघितलं तर पट्ट्याला पीळ पडलेला.

पाचव्या वेळेला टूर्निके बॅगेच्या बाहेरच्या खिशात आला होता, भाच्याने स्वतःच हलवला, मी काही बोललो नव्हतो. बावन्न सेकंद. दंडावर लाल वळ उठला होता तो चोळत म्हणाला, "मामा, पायाला असेल तर?" रूममेट बटणापाशीच उभा होता. त्याने पुन्हा लाइट घालवली.